रशियन भट्टी नागपुरात बांधू का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी राहतो मानेवाड्याला, पण काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे अन् तिथं दोन खोल्या बांधून राहिलो. बागेतली जुनी वाळलेली झाडं निघतातच, त्यामुळं लाकडाची कमी नाही. रशियातल्या घरात विटांची मोठ्ठी भट्टी असते, एकदा पेटवली की दिवसभर घर गरम, स्वयंपाक तिच्यातच आणि म्हातारी माणसं वर झोपतात, हे पाहिलं तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. डिसेंबरात शेतावर रात्री लय गारठा असतो. खोलीत बांधू का तशी?

उत्तर: दादा, खोलीत नका बांधू, अंगणात बांधा. का ते सांगते.

तिकडं तिला पेच म्हणतात. आपल्या चुलीला ऊब जाळ असेपर्यंत, जाळ विझला की थोड्या वेळात गार. पेचचं सगळं काम विटांवर चालतं. वजन टनांत, आत कमानीच्या छताची खोल पोकळी, पुढं तोंड आणि तोंडाच्या वरच धुराडं. बर्च झाडाची कोरडी लाकडं आत रचून तास-दोन तास मोठा जाळ करायचा, धूर कमानीला घासत पुढं येतो न् वर निघून जातो, तोवर विटा उष्णता पिऊन घेतात. मग निखारे बाजूला ओढायचे, ते पूर्ण विझले की धुराड्याची झडप लावायची, तोंडावर झाकण, आणि ती उष्णता दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू बाहेर येत राहते. हिशेबच करा, 1000 किलो विटा 50 अंशांनी गार होताना 11-12 युनिट विजेएवढी उष्णता देतात, म्हणजे 1000 वॉटचा हीटर 11 तास!

आता हीच उष्णता आपल्याकडं आणा. रात्री 8-10 अंश असले तरी दुपारी ऊन चटचट लागतं, आणि तुमची भट्टी तेव्हाही तापलेलीच असणार, तिला बंद करायचं बटण नाही. तिकडं बाहेर उणे 20 पर्यंतही उतरतं, गारठा महिनोन्‌महिने, तिथं ती जीव वाचवते. इथं मे महिन्यात 45 अंशांत खोलीत भट्टी पेटवायची का कोणी?

वर झोपल्यावर भाजत कसं नाही, हेही तुम्हाला वाटत असेल. कमान आणि वरचा ओटा यांच्यामध्ये वाळूचा भराव अन् विटांचे थर असतात, त्यामुळं वर नुसती ऊब येते. लोककथेतला इल्या मुरोमेत्स तर पाय चालत नव्हते म्हणून 33 वर्षं भट्टीवरच बसून होता.

पण मला त्या भट्टीचा स्वयंपाक जास्त भावतो. एकच जाळ, आणि उष्णता उतरत जाते तसतसे पदार्थ बदलतात. खूप तापलेली असताना ब्रेड, मग कोबीचं सूप, मग काशा म्हणजे धान्याची खिचडीसारखी लापशी, आणि शेवटी रात्रभर दूध. ओतीव लोखंडाचं भांडं लांब दांड्याच्या दोन शिंगांच्या आकड्यानं आत सरकवतात, त्या आकड्याला उख्वात म्हणतात. रात्रभर राहिलेलं दूध बदामी होतं, वर तपकिरी साय, आणि त्याचं विरजण लावलं की र्‍याझेंका. वाचताना मला आजीचं गाडगं आठवलं, गोवरीच्या मंद आचेवर दुपारभर दूध ठेवायची, गुलाबी व्हायचं आणि साय बोटाएवढी जाड. आपले रोडगेही असेच की, गोवऱ्यांचा जाळ संपला की भुभळात पुरायचे. म्हणून म्हणते अंगणातली भट्टी तुमच्या बागेवर खरंच कामाची आहे. सकाळी एकदा पेटवा, रोडगे काढा, मग वांग्याच्या भाजीचं भांडं ठेवा, रात्री दूध.

बांधताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक, जोडाई सिमेंटची नको, जास्त तापलं की सिमेंट कमजोर पडतं, विटा माती-वाळूच्या गाऱ्यात बसवा. कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटाही आतल्या बाजूला नकोत, जाळ लागतो तिथं फायर ब्रिक घ्या. दुसरं म्हणजे पाया. शेतात काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि टनांची भट्टी तिच्यावर उभी राहिली की तडकणार. मुरूम लागेपर्यंत खणा, आणि खोलीच्या भिंतीला पाया जोडू नका. गाऱ्यालाही काळी माती नको, वाळताना आकसते. वरून पावसाला शेड हवंच.

प्रश्न: ताई, आमच्या सासूबाई थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपतात. धूर तर येत नाही, मग चालेल ना? (महालातून एक वाचक)

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. धूर नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, झोपेत कळतच नाही. पेचवाल्या घरातही हाच धोका, झडप लवकर लावली की माणसं दगावायची, रशियन भाषेत त्या विषबाधेला उगार असा वेगळा शब्दच आहे. म्हणून तिकडं निखाऱ्यावरची निळी ज्योत पूर्ण जाईपर्यंत झडप लावत नाहीत. डोकं जड, मळमळ, चक्कर असं एकदाही झालं असेल तर आधी उघड्यावर आणा आणि लगेच डॉक्टरकडं न्या. सासूबाईंना गरम पाण्याची पिशवी द्या, वर गोधडी, आणि शेगडी झोपायच्या आधी अंगणात ठेवून या, आजपासूनच.