आजीची धुरी आणि चोंदलेलं नाक

चि. सई, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप ऐकला. अर्धा तुझा आवाज होता, अर्धा तुझ्या नाकाचा. तुझा प्रश्न असा की, आजी तव्यावर ओवा भाजून कपाळ शेकते, सुंठेचा लेप लावते, परवा तर निखाऱ्यावर धुरी केली. यातलं खरं किती, आणि नको असेल तर तिला नाही कसं म्हणायचं? इकडून नेदरलँड्समधून तुझं नाक काही मला मोकळं करता येणार नाही, पण उत्तर देतो.

आधी पुण्याचं. डिसेंबरात तिथे दुपारी पंखा लागतो आणि पहाटे स्वेटर. शहराला टेकड्यांचा वेढा आहे, त्यामुळे सकाळची गार हवा खाली बसून राहते आणि गाड्यांचा धूर, पालापाचोळा जाळल्याचा धूर, रस्त्यांच्या कामांची धूळ, सगळं तिच्यातच घुटमळतं. तू सकाळी सातला मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसतेस, नाकातोंडाला काही न बांधता. स्कार्फ गुंडाळलेल्या मुलींना तू दरोडेखोर म्हणून हसली होतीस ना? त्या शहाण्या आहेत.

सायनस म्हणजे नाकाच्या आजूबाजूच्या हाडांमधल्या पोकळ्या, एकूण चार जोड्या. त्यातली गालामागची सगळ्यात मोठी, आणि तिचं तोंड वरच्या बाजूला. पिंपाला तोटी तळाशी न बसवता वरच्या कडेशी बसवावी, तशी रचना. सर्दीने आतलं अस्तर सुजलं की ते इवलंसं तोंड बंद होतं, कफ आत साठतो आणि वाकलं की गाल आणि कपाळ ठणकतं. म्हणजे दोन कामं करायची असतात, सूज उतरवायची आणि कफ पातळ करून बाहेर काढायचा. आजीच्या एकेका उपायाला याच मापाने मोज.

ओव्याची पुरचुंडी मला मनापासून आवडते. आजीचे हात बघ एकदा. जाड तव्यावर मूठभर ओवा, तडतडला आणि वास सुटला की लगेच जुन्या धोतराच्या फडक्यात, वर गाठ, आणि तुझ्या कपाळाला लावण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहते. ओव्यात थायमॉल असतं, त्याचा तो वास. शेकाने ठणका कमी वाटतो, वासाने नाक उघडल्यासारखं वाटतं. ‘वाटतं’ असंच म्हणायला हवं. बामातल्या मेंथॉलचंही तसंच आहे. ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, सूज जिथल्या तिथे राहते. पण तेवढ्याने रात्री झोप लागत असेल तर मी त्याला फसवणूक म्हणणार नाही.

सुंठेचा लेपही त्याच जातीचा. सहाणेवर उगाळायची, पळीत कोमट करायची, कपाळावर लावायची. त्वचा चरचरते आणि आतल्या दुखण्यावरून लक्ष उडतं. सुंठ काही हाड भेदून आत जात नाही. डोळ्यांपासून लांब ठेव, आणि आग व्हायला लागली की धुऊन टाक, आजी ‘थांब अजून’ म्हणाली तरी.

वाफाऱ्याने बरं वाटतं, पण त्याने सायनसचं दुखणं लवकर जातं असं तपासण्यांमध्ये ठामपणे दिसलेलं नाही. पातेलं टेबलावर ठेव, मांडीवर किंवा गादीवर नाही. उकळतं पाणी सांडून भाजण्याचे प्रकार घरोघरी होतात.

धुरी मात्र नको. वेखंड असो, ओवा असो की लसणाची सालं, धूर तो धूर. सुजलेल्या अस्तराला तो आणखी चिडवतो. नाकात तेल घालणंही घरच्या घरी नको, नस्य हे वैद्यांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. आणि कापूर पोटात चुकूनही जाता कामा नये, तो विषारी आहे.

आता खरा उपाय. आजीच्या देवघराखालच्या कपाटात तोटीचं छोटं पितळी भांडं आहे, ते जलनेतीचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. पुण्याच्या कितीतरी घरांत नेती पोचली ती अशा योगवर्गांमधून. आजच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनाही मिठाच्या पाण्याने नाक धुणं मान्य आहे. पाव लिटर पाण्याला चहाचा अर्धा चमचा मीठ, किंचित कमीच. पाणी आधी खळखळून उकळलेलं आणि मग कोमट केलेलं. नळाचं किंवा नुसतं फिल्टरचं चालणार नाही. अमेरिकेत लुइझियानात 2011 मध्ये नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे मेंदूत अमीबा जाऊन दोघे दगावले होते. मोरीपाशी वाकायचं, मान तिरकी, श्वास तोंडाने, एका नाकपुडीतून ओतलं की दुसरीतून येतं. नंतर हळू शिंकरायचं. नाक पूर्ण बंद असेल तर जबरदस्ती नको, आणि कान दुखत असेल तर नेतीच नको.

आलं-गवती चहाचा काढा पी, पोटात गरम पाणी जातं हाच त्याचा मोठा गुण. केळं आणि दही बंद, यावर वाद घालू नकोस, चार दिवसांनी खा. औषधाच्या दुकानातला नाक उघडणारा स्प्रे तीन-चार दिवसांपलीकडे वापरू नकोस, नंतर त्याच्यामुळेच नाक चोंदतं. बहुतेक वेळा हे विषाणूचं दुखणं असतं, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पण दहा दिवसांत उतार पडला नाही, बरं वाटून पुन्हा बिघडलं किंवा ताप चढला तर डॉक्टर. डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसायला लागलं किंवा मान आखडली तर त्याच दिवशी. आजी सगळं अंगावर काढते, त्यात तिचा कित्ता गिरवू नकोस.

राहिला ‘नाही’चा प्रश्न. आपल्याकडे पहिलं ‘नको’ कोणी ऐकतच नाही. पंगतीत जिलबी वाढताना पानावर आडवा हात धरला तरी वाढतात, कारण तो हात संकोचाचा धरला जातो. तुझं ‘धुरी नको’ आजीने तसंच ऐकलं असणार. म्हणून नुसतं नको म्हणू नकोस, त्या जागी तिला दुसरं काम दे. म्हण, “आजी, धुराने खोकला येतो गं, त्यापेक्षा शेक दे.” आणि उद्या सकाळी ते पितळी भांडं तिच्यापुढे ठेव आणि नेती शिकव म्हण. पाणी उकळलंय की नाही ते तेवढं तू स्वतः बघ.

तुझा,
बाबा