धडकेत वाकलेली चासी घरी सरळ करता येते का?

तुमच्या गाडीला समोरून डाव्या कोपऱ्यावर धडक बसली, बॉनेट आणि मडगार्ड बदलून झालं, तरी गाडी एका बाजूला ओढते. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकली असेल तर जॅक आणि साखळी लावून घरीच सरळ करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी बॉडी दुरुस्तीच्याच कामात आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. मोजणी घरी जरूर करा, वेळ काढून करा. ओढाओढी मात्र घरी नको.

मुळात चासी वाकलीच आहे असं धरून चालू नका. कोपऱ्यावरचा मार बहुतेक वेळा चाकावर येतो आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), टाय रॉड (स्टिअरिंगने चाक वळवणारा दांडा) किंवा स्ट्रट (चाकावरचा शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) वाकतो. गाडी ओढणं, स्टिअरिंग तिरकं राहणं, टायर एका कडेने झिजणं, हे सगळं त्यानेही होतं, आणि हे पार्ट बोल्ट काढून बदलता येतात. मग सबफ्रेमचे, म्हणजे आर्म ज्याला जोडलेले असतात त्या खालच्या चौकटीचे, बोल्ट बघा. बोल्टच्या डोक्याला लागून एका बाजूला धूळ-रंग नसलेली चकचकीत कोर दिसली, तर सबफ्रेम धडकेने सरकली आहे. ती वाकलेली नसेल तर बोल्ट सैल करून जागेवर आणता येते. ही कोर मी सगळ्यात आधी शोधतो, कारण ती सापडली तर पुढची बरीच चिंता मिटते.

आता मोजणी. सपाट फरशीवर गाडी चाकांवर उभी करा, चारही टायरची हवा सारखी ठेवा. गाडीखाली डाव्या-उजव्या बाजूला जोडीने येणारे बिंदू निवडा: आर्मचे बोल्ट, सबफ्रेमचे बोल्ट, रेलमधली (गाडीखाली लांबीने जाणाऱ्या पोकळ तुळयांमधली) कंपनीने पाडलेली गोल भोकं. प्रत्येक बिंदूपासून ओळंबा सोडा, त्याचं टोक जिथे टेकेल तिथे खडूने बारीक फुली मारा. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि फरशीवरच्या फुल्यांमधले कर्ण, म्हणजे पुढच्या डावीपासून मागच्या उजवीपर्यंत आणि पुढच्या उजवीपासून मागच्या डावीपर्यंत, टेपने मोजा. दोन्ही कर्ण सारखे भरले तर तेवढा भाग गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. कारखान्याच्या मापात साधारण ३ मिमीपर्यंतचा फरक चालतो. ओळंब्याच्या पद्धतीत आपल्याच हाताने दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतात, त्यामुळे तेवढ्यावर घाबरू नका. १० मिमीचा फरक आला तर मात्र तो हाताचा दोष नाही.

दोन्ही बाजूंचा व्हीलबेसही (पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर) मोजा, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. जुन्या रेनॉ ४ मध्ये मागचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे पिळले जाणारे दांडे) एकामागे एक बसवलेले असल्यामुळे डावा-उजवा व्हीलबेस मुळातच जवळजवळ ५ सेंमीने वेगळा होता. आणि एक लक्षात ठेवा, फरशीवरच्या कर्णांतून रेल आडवी सरकलेली किंवा मागे दबलेली कळते, वर उचललेली किंवा पीळ पडलेली कळत नाही. त्यासाठी उंचीही मोजावी लागते.

ओढायला का नको म्हणतो? आजच्या बहुतेक कारमध्ये वेगळी चासी नसतेच, पत्र्याची सगळी बॉडीच भार घेते. त्यात साध्या पोलादाशेजारी बोरॉन स्टील असतं. त्याची ताकद सुमारे १५०० मेगापास्कल, साध्या पत्र्याच्या कितीतरी पट. ते गॅसने तापवलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, थंडच ओढलं तर तडा जाऊ शकतो, आणि डोळ्यांनी बघून कुठलं पोलाद कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या रेलमध्ये मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात. धडकेत रेल तिथेच चुरावी आणि एअरबॅग ठरलेल्या क्षणी उघडावी, असा तो हिशेब असतो. तो भाग ठोकून सरळ केला किंवा वरून पट्टी वेल्ड केली की दिसायला ठीक दिसतं, हिशेब मात्र मोडलेला असतो.

शिवाय पोलाद परत उसळतं. म्हणून हवं त्यापेक्षा थोडं जास्त ओढायचं, सोडायचं, मोजायचं, परत ओढायचं. आणि हे करताना बॉडी किमान चार ठिकाणी घट्ट पकडलेली हवी. झाडाला साखळी बांधून ओढलं तर जिथे बॉडी कमजोर तिथेच ती ताणली जाते, वाकलेला भाग तसाच राहतो. टनांच्या ताणाखाली साखळी किंवा हूक सुटला तर समोरचा माणूस वाचत नाही. जिथे पत्र्याला धारदार घडी पडली आहे, तो भाग ओढायचाच नाही, बदलायचा.

जुन्या जीप-पिकअपसारख्या गाडीला खाली वेगळी शिडीसारखी चासी असेल, तर टोकाचा बंपर ब्रॅकेट वगैरे घरी जॅकने हळूहळू सरळ करायला माझी हरकत नाही. सस्पेन्शन किंवा स्टिअरिंग जिथे बसतं तिथे मात्र हात लावू नका.

गॅरेजला देताना काम सुरू करण्याआधीचं आणि झाल्यानंतरचं, लांबी-रुंदी-उंचीचं माप छापून मागा. कुठे तापवलं, हेही विचारा. मग अलाइनमेंट करा आणि कॅस्टरचे (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या पुढे-मागे कलाचे) आकडे स्वतः वाचा. आर्म नवा असूनही डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर फरक येत असेल, तर स्ट्रटचा टॉवर (स्ट्रटचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं तो भाग) किंवा सबफ्रेम अजून जागेवर आलेली नाही. गाडी परत बेंचवर, म्हणजे बॉडी पकडून ओढायच्या चौकटीवर, चढवायला सांगा.