‘गोळी घेतलीस का?’ असं विचारणारा माणूस

(पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ताई, मी ५६ वर्षांची, ठाण्यात नौपाड्याला एकटीच राहते. मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली. मुलगा-सून खारघरला असतात. लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर एक गृहस्थ भेटले. मूळचे रत्नागिरीचे, आता स्कॉटलंडजवळ समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनियर. सात महिने रोज बोलणं व्हायचं. रात्री नऊला न चुकता मेसेज, ‘बीपीची गोळी घेतलीस का?’ मग त्यांनी माझ्यासाठी पाठवलेलं पार्सल दिल्ली विमानतळावर अडकलं. आधी ४८,५०० ड्यूटी, मग दंड, मग कसलंसं सर्टिफिकेट. मिळून ९ लाख ४० हजार गेले. एफडी मोडली, पाटल्या गहाण टाकल्या. सुनेनं विचारलं तर पॉलिशला दिल्यात म्हणाले. शेवटचे पैसे भरून तीन आठवडे झाले. आता एक वकील व्हॉट्सॲपवर म्हणतात, ३५ हजार फी भरा, सगळे परत मिळवून देतो. कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी जागच येऊ नये. पैशांचं जाऊ दे, एकच विचारायचंय. त्यातलं थोडं तरी खरं असेल का हो?

ताई,

आधी ते ३५ हजार. भरू नका. स्वतःहून गिऱ्हाईक शोधत फिरायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानेच मनाई आहे. तुम्ही फसलात हे त्याला कोणी सांगितलं? तुम्ही तर सख्ख्या मुलालाही सांगितलेलं नाही. हा त्याच टोळीतला असेल, नाहीतर तिच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेला. उत्तर न देता ब्लॉक करा. मेसेज मात्र पुसू नका, लागतील.

दुसरं, ते ‘जागच येऊ नये’. तुम्ही जाता जाता लिहिलंत, मला तसं वाचून पुढे जाता येत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री तीनलाही लावता येतो. तो विचार पुन्हा आला की फोन करा आणि शेजारच्यांचं दार वाजवा. कारण सांगायची गरज नाही, झोप येत नाही म्हणा.

आता तुमचा प्रश्न. त्याच्या बाजूने त्यात काहीच खरं नव्हतं. फोटो दुसऱ्याच कोणाचा तरी उचललेला असणार. मेसेज लिहिणारा बहुधा एकटाही नसावा. कंबोडियात, म्यानमारच्या सीमेवर या धंद्याची अख्खी आवारं आहेत. आपल्याकडचीही पोरं नोकरीच्या आमिषाने तिथे नेली गेली, पासपोर्ट काढून घेतले आणि दिवसरात्र चॅटवर बसवली. तुमचा ‘तो’ तिथलाच, असं मी म्हणत नाही. इथल्याच एखाद्या भाड्याच्या खोलीतलाही असेल. पण ‘बीपी, गोळी, रात्री नऊ’ हे कुठल्यातरी वहीत तुमच्या नावापुढे लिहून ठेवलेलं होतं, एवढं धरून चाला.

तुमच्या बाजूचं मात्र सगळं खरं होतं. चार वर्षांत गोळीबद्दल कोणी विचारलं नव्हतं, तो विचारायचा. तुम्ही वाट बघायचात. आता नऊ वाजतात आणि फोन गप्प असतो. नसलेल्या माणसाचं सुतक पाळायला कोणी येत नाही, म्हणून तुम्ही ते एकटीने पाळताय. पाळा. ‘एवढी शिकलेली बाई कशी फसली’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. हा धंदा शिक्षणावर चालतच नाही, घरातल्या शांततेवर चालतो. आणि मी फार शहाणी असंही समजू नका. ‘आज रात्री वीज तोडणार’ या मेसेजमधल्या लिंकवर माझं बोट टेकणारच होतं, तेवढ्यात कचरेवाल्याने बेल मारली म्हणून वाचले.

ड्यूटीचं एक सांगून ठेवते, मैत्रिणींनाही सांगा. कस्टम्स कोणाच्या खासगी बचत खात्यात पैसे मागत नाही. तुमचे पैसे ज्या खात्यांत गेले त्यांवर माणसांची नावं होती ना? ती भाड्याने घेतलेली खाती असतात.

हे पत्र वाचून झालं की १९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. असं झाल्या झाल्या, पहिल्या काही तासांत कळवलं तर बँकांना सांगून रक्कम गोठवता येते. तुमचे तीन आठवडे गेलेत, त्यामुळे खोटी आशा लावत नाही. बरेचसे पैसे कदाचित येणार नाहीत. तरी तक्रार करा, कारण त्याच खात्यांत उद्या दुसऱ्या कोणाची एफडी जाईल. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. बँकेचं स्टेटमेंट, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, त्याचे नंबर, प्रोफाइलचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट एक्सपोर्ट करून घ्या. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो लिहून ठेवा. पोलीस ठाण्यात कोणी ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणालं, तर झीरो एफआयआर घ्या म्हणा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे.

राहिलं घर. मी असते तर आधी मुलाला नाही, सुनेला सांगितलं असतं. मुलगा पहिल्यांदा चिडेल, आकडा विचारेल, ‘मला का नाही सांगितलंस’ म्हणेल, आणि त्या ‘का’चं उत्तर तुम्हा दोघांनाही जड जाईल. सुनेने तुमचे रिकामे हात बघितलेत. पाटल्या पॉलिश करायला इतके दिवस लागत नाहीत, हे तिला कळत नसेल असं वाटतं का? ती गप्प आहे, म्हणजे तुमच्या सांगण्याची वाट बघतेय. सात महिन्यांची कहाणी पहिल्याच दिवशी सांगायची जरूर नाही. ‘मी फसले, पैसे गेले, पाटल्या गहाण आहेत, तक्रार करायला माझ्याबरोबर चल,’ एवढं पुरे. तिथे व्याज रोज चढतंय, म्हणून हे लांबवू नका.

शनिवारी ठाण्याहून पनवेल लोकल पकडा, खारघरला उतरा. जाताना सोनेतारणाची पावती पर्समध्ये ठेवा. आणि बीपीची गोळीही, रात्री तिथेच राहा.

तुमची,
ताई