‘द रेड शूज’ पाहिल्यानंतर आलेले एक पत्र

पुण्याहून एका आईने लिहिले आहे : “माझी मुलगी पंधरा वर्षांची असून यंदा दहावीत आहे. नवव्या वर्षापासून ती बॅले शिकते. मागच्या महिन्यात आम्ही दोघींनी ‘द रेड शूज’ हा १९४८ सालचा इंग्रजी चित्रपट पाहिला. तेव्हापासून ‘दहावीनंतर कॉलेज नको, मला पूर्ण वेळ नाचायचे आहे’ असे तिने धरून ठेवले आहे. शेवटी नायिका आगगाडीसमोर उडी घेते, ते पाहून माझी तर झोपच उडाली. तिचे वडील म्हणतात, लग्न झाल्यावर हे सुटणारच आहे, मग आताच सोडलेले काय वाईट? तिला यातून कसे परावृत्त करावे, ते कृपया सांगावे.”

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली भीती मला निराधार वाटत नाही, कारण तो चित्रपट पाहणाऱ्याला घाबरवतोच. परंतु आपण दोघींनी तो एकत्र पाहिला आहे, म्हणून त्याच्याच आधाराने उत्तर देतो. त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली असावी असे मला वाटते आणि आपल्या घरातल्या प्रश्नाचे मूळ मला तिथेच दिसते.

शेवटचा प्रसंग आठवून पाहा. माँटे कार्लोच्या नाट्यगृहात नायिका व्हिकी पेज रंगभूषा करून प्रवेशाची वाट पाहत आहे. लंडनमध्ये स्वतःच्या ऑपेराचा पहिला प्रयोग सोडून तिचा संगीतकार नवरा ज्युलियन तिला घेऊन जायला आला आहे आणि ती ज्यात नाचते त्या बॅले-संचाचा मालक लेरमाँटव्ह समोर उभा आहे. एकाला ती बायको म्हणून हवी आहे, दुसऱ्याला नर्तकी म्हणून हवी आहे, आणि दोघांनाही उत्तर त्याच क्षणी, पडदा वर जाण्याच्या आत हवे आहे. आज नाचून उद्या बोललो तर चालेल का, वर्षातले काही महिने नाच आणि काही महिने घर असे जमेल का, हे साधे प्रश्न त्या खोलीत कोणीही विचारत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला याच मुलीला लेरमाँटव्हने विचारले होते की तुला का नाचायचे आहे, आणि तिने क्षणाचाही विलंब न लावता उलट विचारले होते की तुम्हाला का जगायचे आहे. इतके लख्ख उत्तर देणाऱ्या मुलीला शेवटी रडण्यापलीकडे काही उरत नाही. तिचा बळी नृत्याने घेतला असे आपल्याला वाटले असावे. मला मात्र दिसते ते असे, की तिच्या आयुष्याचा निर्णय दोन माणसांनी आपापसांत वाटून घेतला आणि तिच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही.

‘नृत्य की संसार’ हा पेच नाट्यासाठी रचलेला आहे, पण तो हवेतून आलेला नाही. लेरमाँटव्हच्या पात्रामागे सर्गेई द्यागिलेव्ह या रशियन संचप्रमुखाची छाया आहे. निजिन्स्की या त्याच्या सर्वांत गाजलेल्या नर्तकाने १९१३ मध्ये लग्न केले, तेव्हा द्यागिलेव्हने त्याला संचातून काढून टाकले. पुढे १९२१ मध्ये लिओनीद मासीन संचातल्याच एका नर्तकीत गुंतला, तेव्हा त्यालाही तीच शिक्षा मिळाली. हा मासीन आपण पडद्यावर पाहिला आहे. चित्रपटातल्या बॅलेत लाल बूट विकणारा तो चांभार म्हणजे तोच. एका मालकाने दार बंद केल्यावर तो संपला नाही. पुढे द्यागिलेव्हनेच त्याला पुन्हा बोलावले आणि नंतरही कित्येक दशके तो नृत्यरचना करत राहिला.

व्हिकीची भूमिका करणारी मोइरा शिअररचे आयुष्यही पाहण्यासारखे आहे. १९२६ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेली ही नर्तकी लंडनच्या सॅडलर्स वेल्स संचात होती. चित्रपटात काम करायला ती सहजासहजी तयार नव्हती, कारण आपली खरी जागा रंगमंचावर आहे असे ती मानत होती. १९४८ च्या डिसेंबरात, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, नृत्यरचनाकार फ्रेडरिक अ‍ॅश्टनच्या ‘सिंड्रेला’च्या पहिल्या प्रयोगात प्रमुख भूमिका तिने केली, कारण ती करणारी मार्गो फाँटेन ही नर्तकी जखमी होती. १९५० मध्ये तिने लग्न केले आणि त्यानंतरही ती नाचत राहिली. १९५३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तिने बॅले सोडला, पुढे नाटकांत कामे केली, चार मुले वाढवली आणि पुस्तके लिहिली. १९८७ मध्ये, साठी उलटल्यावर, दूरचित्रवाणीवरच्या एका बॅलेसाठी ती पुन्हा नाचली. आपल्या मुलीने व्हिकीकडे पाहिले तितक्याच बारकाईने मोइराकडेही पाहावे असे मला वाटते.

आता आपल्या पत्राकडे येतो. ‘लग्नानंतर सुटणारच आहे’ हे तिच्या वडिलांचे वाक्य वाचताना मला ज्युलियन आठवला, आणि हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. मुलीच्या पुढच्या दहा वर्षांची काळजी त्या वाक्यामागे आहे, हे मला समजते. परंतु आपल्या पत्रात तिच्या तोंडचे वाक्य एकच आहे आणि तेही तक्रार म्हणून आले आहे. तिला नेमके काय नाचायचे आहे, शिक्षिका तिच्याविषयी काय म्हणतात, ती कोणती परीक्षा उत्तीर्ण झाली आहे, यांतले काहीही त्यात नाही. हे ठाऊक नसताना तिला परावृत्त करण्याचा उपाय सांगणे मला योग्य वाटत नाही.

तिचा आग्रह बरोबर आहे असा मात्र याचा अर्थ नाही. शिक्षण सोडण्याचा तिचा विचार चुकीचा आहे, आणि याला बॅलेच्या जगातलाच आधार आहे. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये अकराव्या वर्षी निवडली जाणारी मुले नृत्याबरोबर नेहमीचे शालेय विषयही शिकतात. पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेत सकाळी शाळा आणि दुपारी नृत्य असा दिनक्रम असतो. ज्या पॅरिस ऑपेरात नर्तक-नर्तकी बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होतात, तिथे त्यानंतरचे आयुष्य केवढे मोठे आहे हे सर्वांना माहीत असते. युरोपातल्या ऑपेरागृहांना जोडलेले पगारी बॅले-संच असतात, तशी व्यवस्था आपल्याकडे नाही. म्हणजे नर्तकी म्हणून उपजीविका करायची तर परदेशी जावे लागेल, आणि तिथे संचात प्रवेश साधारणपणे सतरा ते एकोणीस या वयात मिळतो. तिच्या हाती वेळ थोडा आहे, हे तिला स्पष्ट सांगावे. कदाचित तिला हे आपल्यापेक्षा अधिक माहीत असेल.

मुंबईतल्या मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह या दोन मुलांचे उदाहरण ती देईल. येहुदा माओर या शिक्षकांकडे शिकून ती मुले पुढे गेली, अमिरुद्दीनला तर रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला, आणि २०२० मध्ये त्यांच्या वाटचालीवर चित्रपटही आला. हे खरे आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु बॅलेत मुलग्यांची संख्या कमी आणि मुलींची फार मोठी असते, त्यामुळे एकेका जागेसाठीची चुरस मुलींना कितीतरी अधिक सोसावी लागते.

म्हणून या वर्षी पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवतो. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा भारतातही होतात. त्यांच्या व्यावसायिक श्रेणींपैकी ती कोणत्या पायरीवर आहे, हे शिक्षिकेला विचारावे. तिला रोज न शिकवणाऱ्या, शक्यतो परदेशी संचात काम केलेल्या एखाद्या शिक्षकाकडून तिचे एकदा मूल्यमापन करून घ्यावे आणि त्या वेळी तिला खोलीत बसू द्यावे. अकरावीसाठी सकाळी किंवा संध्याकाळी सरावाला सलग वेळ मिळेल असे महाविद्यालय निवडावे. शाखा कोणती हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे. बारावीपर्यंत दोन्ही वाटा चालू ठेवाव्यात आणि सतरा पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्ष निवडचाचणीचा निकाल हाती घेऊन, तिघांनी बसून ठरवावे.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. पॉइंटवर, म्हणजे बॅलेच्या खास बुटांत पायाच्या बोटांवर, उभे राहताना शरीराचे सारे वजन बोटांच्या टोकांवर येते, आणि बुटाच्या पुढच्या भागातले कापड-खळीचे थर त्यातला थोडाच भार पेलतात. वाढत्या वयात पायाच्या हाडांना बारीक तडे जाणे, घोट्यामागचा स्नायुबंध सुजणे हे या नृत्यात नेहमी आढळते. त्यात मुलगी वजन कमी ठेवण्यासाठी जेवण टाळू लागली, तर पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. पाळी थांबणे ही निष्ठेची खूण आहे असे कोणी तिला सांगितले असेल तर ते साफ खोटे आहे. तिच्या जेवणाकडे आणि मनःस्थितीकडे आपण प्रेमाने लक्ष ठेवावे, तिची उदासी टिकून राहिली किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे, आणि एरवीही खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून या सुटीत तिची एकदा तपासणी करून घ्यावी.

तिला आणखी एक विचारावेसे वाटते. चित्रपटातला तो सुमारे सतरा मिनिटांचा बॅले ती पुन्हा पाहते तेव्हा तिची नजर कशावर खिळते? हाइन हेकरोथ या चित्रकाराने उभे केलेले ते जग, जॅक कार्डिफचे छायाचित्रण, ब्रायन ईझडेलचे संगीत, रॉबर्ट हेल्पमनची नृत्यरचना, हे सगळे त्यात आहे, आणि नेपथ्य व संगीत या दोन्हींना ऑस्कर मिळाले आहे. तिची नजर पायांवरच राहत असेल, तर ती नर्तकी होऊ पाहते आहे. ती रंगांकडे किंवा रचनेकडे वळत असेल, तर तेही आपल्याला कळायला हवे. याचे उत्तर मी आपल्याकडून घेणार नाही.

पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे, ही माझी विनंती आहे. ते आपण किंवा तिच्या वडिलांनी आधी वाचू नये. पाकीट तिने स्वतः बंद करावे आणि टपालात टाकायला तिच्या वडिलांनी तिच्याबरोबर जावे.