वकिली सोडून महसूल खात्यात अधिकारी झालेल्यांचा अनुभव कसा असतो? कायद्याच्या पदवीचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं झाली, वय २९, घरचे एमपीएससीच्या मागे लागलेत, आणि ‘नायब तहसीलदार झालो तर माझं कायद्याचं शिक्षण वाया जाईल की कामी येईल’ ही धास्ती आहे. मी या वाटेनं गेलेला माणूस आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात सात वर्षं वकिली केली, मग राज्यसेवेतून नायब तहसीलदार झालो. आता तहसीलदार आहे. नोकरीत असल्यामुळे नाव-गाव सांगत नाही, बाकी सगळं सांगतो.

आधी भ्रम मोडतो. निवड झाली तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता आपण पलीकडच्या खुर्चीत. पहिल्या महिन्यात माझ्यासमोर काय आलं? संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जांचे गठ्ठे, रेशनच्या तक्रारी, उत्पन्नाचे दाखले, गारपिटीचे पंचनामे, आणि एका मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी हेलिपॅडची जागा. महसुली दाव्यांचं बोर्ड, म्हणजे सुनावण्या, आठवड्यातून एक-दोन दिवस, तेही जेवणानंतर. २०२४ साली तर लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. त्या काळात माझ्या टेबलावर मतदारयादी, मतदान केंद्रं आणि यंत्रांची स्ट्राँगरूम यांपलीकडे काही नव्हतं. वकील असताना तहसील कचेरीच्या दारावर ‘साहेब निवडणूक कामात आहेत, सुनावणी पुढील तारखेस’ असा कागद पाहिला की मी मनातल्या मनात शिव्या घालायचो. आता तो कागद माझ्याच दारावर माझ्याच सहीनं लागतो, आणि खाली उभे असलेले वकील काय म्हणत असतील ते मला ऐकायला जायची गरज पडत नाही.

आता कायद्याचं. उपयोग होतो, पण आपण समजतो त्या ठिकाणी होत नाही. माझं एक प्रकरण सांगतो, त्यातून जास्त कळेल.

नोकरीचं पहिलंच वर्ष. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खालचा दावा. हा कायदा लॉ कॉलेजात कुणी शिकवत नाही, पण खेड्यात त्याच्यावर डोकी फुटतात. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह कुणी अडवला तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे यायचं, आणि त्यानं अडथळा दूर करायचा. (बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर ते वेगळं, ते जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३. ही दोन्ही कलमं एकाच अर्जात घुसडणारे वकील मी रोज पाहतो. एकेकाळी मीही तेच करायचो.) तर, शेजाऱ्यानं गाडीवाटेत आडवा चर खणला होता. अर्जदाराचा ऊस तोडीला आलेला, कारखान्याची टोळी दारात, आणि ट्रॅक्टर शेतापर्यंत जाईना.

मला हर्ष झाला. कायद्याचा खरा मुद्दा हाती आला होता! मी कोर्टासारखं चालवलं. तीन तारखा दिल्या, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकला, शपथपत्रं घेतली. रात्री जागून अकरा पानांचा निकाल लिहिला, त्यात सर्वोच्च न्यायालयाचे चार निवाडे घातले. वहिवाटीचा हक्क म्हणजे काय, सुखाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्यासारखा हक्क) म्हणजे काय, सगळं. फक्त स्थळ पाहणीला मी स्वतः गेलो नाही. मंडळ अधिकाऱ्याला पाठवलं, आणि त्या पाहणीची नोटीस शेजाऱ्याला बजावलीच गेली नव्हती. पंचनाम्यावर त्याची सही नव्हती, गैरहजेरीचा शेराही नव्हता. पुनरीक्षणात, म्हणजे वरच्या तपासणीत, प्रांतांनी (उपविभागीय अधिकाऱ्यांनी) माझी अकरा पानं एका परिच्छेदात उडवली आणि प्रकरण फेरचौकशीला परत पाठवलं.

तोवर हंगाम सरत आलेला. अर्जदार म्हातारा पुन्हा पुढच्या तारखेला आला. त्यानं निम्मा ऊस डोक्यावर मोळ्या वाहून डांबरीपर्यंत आणला होता. मला म्हणाला, “साहेब, निकाल लई भारी लिवला हुता म्हनं तुमी. ऊस तेवढा राह्यला.” टोमणा नव्हता त्यात, आणि म्हणूनच तो मला आजही टोचतो.

दुसऱ्या वेळी मी गेलो. दोघांना नोटीस, गावातले चार पंच, हातात टेप आणि गाव नकाशाची प्रत. जुन्या नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. ही रेषा दुहेरी होती. जागेवर चराच्या दोन्ही अंगांना चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या, आणि कडेच्या बाभळी दोन ओळींत, मध्ये गाडीपुरती जागा सोडून वाढलेल्या होत्या. कुणी बारा-पंधरा वर्षांत तिथे नांगर घातलेला नव्हता. निकाल अडीच पानांचा झाला, एकही निवाडा न घालता. तो टिकला.

वकिलीतून आलेल्या माणसाला हा असा मार बसतोच. आपल्याला एका बाजूनं जोरात बोलायची सवय असते, आणि मुद्दा सुटला तर समोरचा वकील किंवा न्यायाधीश तो उचलेल असा विश्वास असतो. तहसीलदाराच्या समोर पुष्कळदा वकीलच नसतो. दोन भाऊ, एक सून, कधी नुसता अंगठा. त्यांच्या वतीनं मुद्दा आपणच शोधायचा आणि आपणच तोलायचा. हे मला शिकायला दोन वर्षं लागली.

दुसरी खोड याहून वाईट, ती म्हणजे दिवाणी न्यायाधीश व्हायची खुमखुमी. मृत्युपत्रावरून वारसनोंदीचा वाद आला की वकिली रक्त उसळतं. साक्षीदारांच्या सह्या खऱ्या का, मयताची मानसिक अवस्था कशी होती, ‘संशयास्पद परिस्थिती’ आहे का, असं सगळं डोक्यात सुरू होतं. थांबायचं. फेरफार नोंदीनं, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलणाऱ्या नोंदीनं, मालकी ठरत नाही, ती फक्त सारा कुणाकडून घ्यायचा यासाठीची नोंद आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ खाली ती नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा निवाडा दिवाणी कोर्टाचा. आपलं काम संक्षिप्त चौकशीचं. कलम १५५ बाबत तर याहून जपायचं. ते लेखन-प्रमाद, म्हणजे लिहिताना झालेल्या चुका, दुरुस्त करण्यासाठी आहे, तीस वर्षांपूर्वीचा फेरफार उलटवण्यासाठी नाही. पण तसे अर्ज ढिगानं येतात, आणि ते लिहिणाऱ्या वकिलांपैकी निम्म्यांना मी नावानिशी ओळखतो.

मग फायदा कुठे होतो? आपला आदेश वर कुठल्या फटीतून फाटेल ते आपल्याला आधी दिसतं. वकील असताना मी बेकायदा वाळूच्या दोन-तीन प्रकरणांत गाडीमालकांसाठी लढलो होतो. मुद्दा एकच असायचा, की दंडाचा आदेश नोटीस न देता, म्हणणं न ऐकता काढला. त्याच अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. एवढा दंड ठोकून कचेरी खूश असायची आणि अपिलात तो आदेश गळून पडायचा. आता मी त्या बाजूला बसलोय, तर माझी प्रत्येक नोटीस पोच घेऊन बजावली जाते, खुलासा आला की त्यातल्या मुद्द्याला मुद्दा उत्तर आदेशात असतं. रात्री दोनला नदीपात्रात गाडी पकडायला धाडस लागतं हे खरं, पण ती पकड टिकते ती सकाळच्या टपालामुळे. माझे जुने पक्षकार आता मला बघून रस्ता बदलतात, त्याला इलाज नाही.

रोजनामा नीट लिहिण्याची सवय हीसुद्धा वकिलीची देणगी. कोण हजर, काय दाखल झालं, मुदत कुणी मागितली, ते त्याच दिवशी लिहायचं. सोबतचे अधिकारी याला चोखंदळपणा म्हणतात. त्यांच्या संचिका अपिलात गेल्या की त्यांना कळतं.

तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारीही असतो, तिथेही कायदा उपयोगी पडतो. गणपती, निवडणुका जवळ आल्या की पोलिसांकडून चॅप्टर केसेसचा, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायच्या प्रस्तावांचा, गठ्ठा येतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६ झालं. प्रस्तावात नावं छापील मजकुरात भरलेली असतात. एकदा एका यादीत चार वर्षांपूर्वी वारलेला माणूस ‘शांतताभंग करण्याच्या तयारीत’ होता. ज्यानं कधी जामिनासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात तो असा कागद वाचल्याशिवाय सही करत नाही.

नात्यांचं थोडं सांगायला हवं, कारण याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. बाररूममधली माणसं हळूहळू अंतर ठेवू लागतात. चूक त्यांची नाही. माझे सिनिअर, ज्यांच्याकडे मी तीन वर्षं ज्युनिअर होतो, एकदा एका वाटपाच्या प्रकरणात वकीलपत्र घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी उठून उभा राहिलो, आणि चटकन लक्षात आलं की समोरच्या पक्षकारानं हे पाहिलं. प्रांतांना पत्र लिहून ते प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करून घेतलं. सिनिअर बाहेर येऊन म्हणाले, “बरं केलंस. नाहीतर मला हरावं लागलं असतं.” ते हसत होते, पण म्हणाले ते खरंच होतं.

पैशाचं एका ओळीत सांगतो. वकिलीत माझं एखाद्या महिन्याचं उत्पन्न आताच्या पगाराइतकं व्हायचं आणि पुढचे दोन महिने कोरडे जायचे. आता एक तारीख चुकत नाही, पण बदलीचा सूटकेस कायम भरलेला. कायद्यानं साधारण तीन वर्षं एका जागी, प्रत्यक्षात मी एकदा चौदा महिन्यांत हललोय. बायकोनं दोन शाळांत मुलीची नावं घातली आणि काढली.

परीक्षेबद्दल थोडं. खुल्या वर्गासाठी वयाची अट ३८, मागासवर्गीयांसाठी ४३, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. आमच्या वेळी मुख्य परीक्षा बहुपर्यायी झाली होती, आता पुन्हा लेखी झाली आहे. वैकल्पिक विषयांत विधी, म्हणजे कायदा, आहे. रोज अर्ज, जबाब लिहिणाऱ्याला तीन तास सलग लिहिणं जड जात नाही, हा तुमचा फायदा. मात्र अर्थशास्त्र आणि विज्ञानात मी सपाट आपटलो होतो, ते आतापासून वाचा.

आणि वकिलीतून सरकारात यायचा महसूल हा एकच दरवाजा नाही, हे कृपया ध्यानात ठेवा. सहायक सरकारी अभियोक्ता हे पदही लोकसेवा आयोगातून भरतात. तिथे तुमचा कोर्टातला अनुभव थेट कामाला येतो, रोज उभं राहून बोलता येतं. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशासाठी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तुमची चार झालीत, म्हणजे कालपर्यंत जे नुसतं ‘कोर्टात दिवस काढणं’ वाटत होतं ते आता पात्रतेत मोजलं जाईल. तुम्हाला निकाल लिहिण्याचीच ओढ असेल तर माझ्या मते तिकडे जा. हेलिपॅड, रेशन, पूर, मोर्चा, मतदारयादी यांतही मजा येईल असं वाटत असेल तर महसुलात या. मला ती मजा येते, हे आधी ठाऊक नव्हतं.

‘परत येता येतं का’ असंही विचारलंय. येतं. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की वकिली करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा नियम तसं सांगतो, आणि नोकरी लागल्याचं राज्य बार कौन्सिलला कळवून सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करून घ्यायची असते. ते पत्र टाळू नका. माझ्या बरोबरच्या एकानं आळस केला, आणि पुढे त्याच्याविरुद्धच्या एका तक्रारीत ‘सनद चालू ठेवून नोकरी करतो’ हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर आला. निवृत्तीनंतर सनद पुन्हा सुरू करता येते. फक्त आपल्या शेवटच्या पदाच्या बरोबरीचा किंवा त्याहून खालचा अधिकारी जिथे निर्णय देतो, तिथे वकिली करता येत नाही.

शेवटचं, आणि हे निकाल लागण्याआधीच करून ठेवा. हातातल्या फाइलींची यादी करा, पुढची तारीख आणि टप्पा लिहून. मी रुजू व्हायच्या घाईत शंभराच्या वर मॅटर्स एका मित्राच्या टेबलावर ठेवून निघालो. मूळ कागद पक्षकारांना परत दिले नाहीत, अनेकांना नीट कळवलंही नाही. पाच वर्षांनी एक बाई एसटीनं तीन तास प्रवास करून माझ्या तहसीलमध्ये आल्या. हातात माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड. त्यांच्या पोटगीच्या केसची तारीख काय लागली ते विचारायला.