जनसुनावणीला एकदा तरी जाऊन बस

पर्यावरण धोरण आणि व्यवस्थापनाला प्रवेश घेतलास, फार बरं वाटलं. पहिल्या सत्रात कायद्यांची नावं अंगावर येतील, पण सगळी पाठ करत बसू नकोस. १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखाली १४ सप्टेंबर २००६ला निघालेली ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा आधीच अभ्यास) अधिसूचना, ही दोन मुळातून वाच. गाईडमधून नाही.

मग एखाद्या प्रकल्पाचा ईआयए अहवाल उघड. जनसुनावणीची, म्हणजे प्रकल्पाबद्दल स्थानिक लोकांचं म्हणणं ऐकण्याच्या बैठकीची, सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. तो मराठी सारांश आणि मूळ इंग्रजी अहवाल शेजारी ठेवून वाच. गावकऱ्यांपर्यंत काय पोचलंच नाही, ते तिथे कळतं. मी हे दुसऱ्या वर्षी केलं, फार उशिरा. सुनावणीत मागे बसून शेतकऱ्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घे, विशेषतः विहिरींच्या पाण्याबद्दलचे.

सांख्यिकी आणि जीआयएस (संगणकावर नकाशांतून माहिती मांडण्याचं तंत्र) टाळू नकोस. आणि सुट्टीत गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जाऊन ये. २००९मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल सगळ्यांनी मिळून वापरण्याचे आणि सांभाळण्याचे हक्क, मिळाले. ग्रामसभा बांबूचा व्यवहार कसा सांभाळते, ते त्यांची परवानगी घेऊन, शांतपणे बसून ऐक.