फळ्यावर सात नावं लिहिण्याआधी

सोलापूर

प्रिय,

तुझं पाठटाचण वाचलं. आठवीच्या मुलांना जाहिरातींमधली प्रचारतंत्रं ओळखायला शिकवायची, ही कल्पना मनापासून आवडली. पण पहिल्याच तासाला फळ्यावर त्या तंत्रांची सात ठरलेली नावं लिहू नकोस. ही यादी १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेची. संस्था १९४२ मध्ये बंद पडली, यादी मात्र अजून शाळाशाळांतून फिरते आहे. मुलं ती पाठ करतील, चाचणीत जोड्या लावतील आणि घरी जाऊन रीलमधलीच क्रीम मागतील.

सुरुवात चादरीपासून कर. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं तुझ्या वर्गात असतीलच. 'अस्सल सोलापुरी' छापलेली एखादी चादर त्यांच्यापुढे टाक. ती लेबल वाचत बसणार नाहीत. हात फिरवतील, उलटी करून वीण बघतील, वजन अजमावतील, कुठल्या कारखान्याची म्हणून विचारतील. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हेही एखाद्याला घरूनच ठाऊक असेल. मग विचार, चादरीला एवढे प्रश्न, तर शाम्पूला एकही का नाही?

त्यानंतर क्लासेसचे फ्लेक्स घे. इथे भरपूर वेळ दे, कारण हा माल मुलांच्या आई-वडिलांच्या खिशाशी थेट भिडलेला आहे. निकाल लागला की सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत हसरे चेहरे आणि टक्के. मुलांना वहीत लिहू दे: परीक्षेला एकूण किती बसले होते? ही मुलगी वर्षभर शिकायला होती, की शेवटच्या सराव परीक्षांपुरती आली? तिचाच फोटो दुसऱ्याही फ्लेक्सवर आहे का? असल्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कुठला कोर्स केला, किती मुदतीचा, हेही सांगायला हवं. त्या सूचना हातात देऊन मुलांना फ्लेक्सपुढे उभं कर. सोलापुरातल्या क्लासवर 'लातूर पॅटर्न' दिसला, तर लातूरने कमावलेलं नाव इथे उसनं आणलंय, हे कुणीतरी बोलेलच. तो बोलला की मग फळ्यावर त्या सातांपैकी पहिलं नाव लिही: उसनं तेज. आणि त्याखाली: सोयीचं तेवढंच दाखवणं.

वेलचीच्या जाहिरातीत नट एवढा का मिरवतो, हे टपरीवरून जाणारी मुलं तुझ्याआधी सांगतील. वेलचीचं नाव, खपवायचा पानमसाला किंवा गुटखा: अशा आडून केलेल्या जाहिरातींना त्याच प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे, एवढं सांगून पुढे जा.

जाहिराती फक्त मराठीच आणा, असं मात्र म्हणू नकोस. तेलुगू, कन्नड, उर्दू, घरी जे कानावर पडतं ते येऊ दे. आपल्या घरच्या बोलीत सांगितलं की जास्त खरं वाटतं का, ते त्यांनाच ठरवू दे.

थोड्याच दिवसांत वर्ग म्हणू लागेल, "बाई, सगळं खोटं असतं." मला विचारशील तर खरं शिकवणं तिथून सुरू होतं. शेंगा चटणीच्या पाकिटावर पदर घेतलेली आजी असते. 'आम्ही तुमच्यातलेच' हे तंत्र झालं, पण चटणी चांगली असूही शकते. पोलिओच्या दोन थेंबांसाठी अमिताभ बच्चन टीव्हीवर आले, तीही प्रसिद्ध चेहऱ्याची साक्षच. डोस खरा होता, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तंत्र ओळखणं एक काम, दावा तपासणं दुसरं. पहिलं जमलं की मुलांना दुसऱ्याचा कंटाळा येतो, तो येऊ देऊ नकोस. आणि 'हा नुसता प्रचार' म्हणून समोरच्याला उडवून लावणारा पोरगा त्या सातांपैकीच एक तंत्र वापरतोय, हे त्याला हसत हसत दाखव. नावं ठेवणं हेही त्या यादीत आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रवेशाच्या दिवसांत तुमच्याही शाळेच्या फाटकावर 'शंभर टक्के निकालाची परंपरा' असा फ्लेक्स लागत असेल, तर मुलं पहिली वही तिथेच उघडतील. मुख्याध्यापकांच्या कानावर आधीच घालून ठेव, आणि दहावीला किती मुलं बसली होती तो आकडा ऑफिसातून आणून ठेव.

तुझे,
सर